क्ष-किरणचित्र आणि शब्द



८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट उमटली. पुढे हे शास्त्र शिकविण्याची रीत दीर्घकाळ एकच राहिली: गुरूने प्रकाशपेटीवर फिल्म लावावी, भोवतीच्या शिष्यांनी ती पाहावी. निवडक फिल्मा पाकिटांतून जपल्या जात. एक हरवली की एक धडाच नाहीसा होई.

संगणकाने ही अडचण दूर केली. १९९३ मध्ये आलेल्या डायकॉम प्रमाणकाने निरनिराळ्या यंत्रांच्या चित्रांना समान भाषा दिली. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियात फ्रँक गेलार्ड यांनी सुरू केलेल्या रेडिओपीडियावर विद्यार्थी सीटी स्कॅनचे छेद क्रमाने सरकवीत पाहतो, आधी स्वतः निदान करतो आणि मग विवेचन वाचतो.

खरी कसोटी मात्र रुग्णाच्या खाटेपाशी आहे. अहवालात ‘संशयास्पद छाया’ एवढेच असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी काय समजावे? त्या वाक्यालाच नेमके चित्र जोडले, जागा बाणाने दाखविली, तर संदिग्धता कमी होते. तथापि चित्र बोलके झाले म्हणून शब्द अनावश्यक ठरत नाही. निदानाची जबाबदारी शब्दच पत्करतो. शिक्षणासाठी चित्र ठेवताना रुग्णाचे नाव पुसणे, हाही धर्मच.

ग्रंथ असो वा चित्र, ते जपावे आणि वेळेवर योग्य हाती द्यावे, हेच संग्रहाचे व्रत होय.