शब्द बाईच्या माथी, हवा दोघांची

मराठीतला ‘वांझ’ काय आणि आमच्या घरातल्या उर्दूतला ‘बांझ’ काय, दोन्ही शब्द बाईच्याच माथी मारले जातात. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचे २०२१ साली प्रसिद्ध झालेले संशोधन वेगळे सांगते. सूक्ष्म धूलिकणांच्या हवेत ठेवलेल्या नर उंदरांचे शुक्रजंतू घटले. मेंदूतल्या पेशींचा दाह ज्यांच्यात रोखला होता, त्यांचे घटले नाहीत.

डोंबिवलीने २०१४ मध्ये हिरवा पाऊस पाहिला, २०२० मध्ये गुलाबी रस्ता. हे धूलिकण मात्र नजरेला दिसतही नाहीत.

उंदरांवरून माणसाचा निकाल लावता येत नाही, हे खरे. पण ठाणे-कल्याणकडच्या घरात पाळणा हलला नाही, तर सुनेला बोल लावण्याआधी मुलाचीही तपासणी करून घ्या. हवा दोघांच्याही छातीत जाते.