बालमोतीबिंदू : शस्त्रक्रियेपूर्वी आणि शस्त्रक्रियेनंतर



मोतीबिंदू म्हटला की वार्धक्य आठवते, आणि तो ‘पिकल्यावर’च काढावा असा समज खेडोपाडी रूढ आहे. वृद्धाची मोतीबिंदूने गेलेली दृष्टी काही महिन्यांच्या विलंबानंतरही बहुधा परत मिळते. तान्ह्या बालकाच्या बाबतीत मात्र हा समज घातक ठरतो. कारण त्याला पाहणे अद्याप शिकावयाचे असते. डोळ्यातून स्पष्ट प्रतिमा पोहोचली नाही, तर मेंदूची पाहण्याची शक्ती वाढतच नाही. म्हणून जन्मतःच दाट असलेला मोतीबिंदू पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत काढणे इष्ट मानले जाते.

नवजात बालकाची घरोघरी जाऊन काळजी घेण्याची पद्धती गडचिरोली जिल्ह्यातच डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने सिद्ध केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून ती देशभर स्वीकारली गेली. या पद्धतीत आशा कार्यकर्तीची अखेरची ठरलेली भेट ४२ व्या दिवशी, म्हणजे नेमकी सहाव्या आठवड्यात असते. बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यास कळविले पाहिजे. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे.

परंतु शस्त्रक्रिया ही केवळ सुरुवात होय. दोन वर्षांखालील बालकास बहुधा कृत्रिम भिंग न बसविता जाड चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स देतात. एकाच डोळ्याचा दोष असल्यास चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधावी लागते. वाढत्या वयाबरोबर चष्म्याचा नंबर बदलतो. बाहुलीवर पुन्हा पडदा येऊ शकतो. काचबिंदू तर अनेक वर्षांनीही उद्भवतो.

एका डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी अमेरिकेत शस्त्रक्रिया झालेल्या ११४ बालकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. साडेचार वर्षांच्या वयात भिंग बसविलेल्या व कॉन्टॅक्ट लेन्स दिलेल्या मुलांच्या दृष्टीत लक्षणीय फरक नव्हता. भिंगवाल्यांना पुन्हा शस्त्रक्रिया मात्र अधिक लागल्या. दोन्ही गटांत सुमारे निम्म्या मुलांच्या त्या डोळ्याची दृष्टी फारच अधू राहिली. प्रगत देशातील ही स्थिती पाहता, शस्त्रक्रियेनंतरच्या देखभालीत वनभागाने ढिलाई करून चालणार नाही.

येथील अडचणी खऱ्या आहेत. तपासणीची तारीख तेंदूपानाच्या हंगामात वा धानाच्या रोवणीत आली, तर मजुरी बुडते. पुरामुळे भामरागडचा रस्ता वारंवार बंद पडत आलेला आहे. यास्तव तारखा हंगाम व पावसाळा पाहून ठरवाव्यात; पालकांना माडिया, गोंडी वा तेलुगूत समजावून सांगावे; ग्रामपंचायतीने अशा बालकांची नोंद ठेवून प्रवासाची सोय पाहावी. शिक्षकांनी मुलास पहिल्या रांगेत बसवावे, पट्टीवरून त्याची थट्टा होऊ देऊ नये आणि चष्मा फुटल्यास त्याच आठवड्यात कळवावे.

शस्त्रवैद्याचे काम काही तासांत संपते. गावाचे काम मूल मोठे होईपर्यंत चालते. त्या मुलाची दृष्टी या दोहोंवर अवलंबून आहे.