अजीर्ण : आधी मात्रा, मग चूर्ण

(शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी कृषिविद्येचा अध्यापक आहे, वैद्य नाही. त्यामुळे अजीर्णावर बोलायला मी उभा राहिलो याचे काहींना नवल वाटेल. परंतु जुन्या वैद्यांनी अजीर्णावर जे सांगून ठेवले आहे, त्यातील बराचसा भाग तांदूळ, मूग, ताक, आले, ओवा यांविषयीच आहे. हा सर्व माल आपल्याच शेतातला व गोठ्यातला. दुसरे असे की, फवारणीच्या दिवसांत पोटात कळ आली तर ते प्रत्येक वेळी अजीर्ण नसते. तो फरक वेळीच कळला नाही तर जिवावर बेतते. म्हणून आजचा विषय.

वाफसा आल्याशिवाय पेरणी नाही

जमिनीला वाफसा नसताना आपण तिफण घालत नाही. चरकसंहितेतील भोजनाचा नियम याच जातीचा आहे. आधीचे अन्न पचल्यावरच पुढचे खावे, ते गरम असावे आणि मापात असावे, असे तिथे सांगितले आहे. जड पदार्थ पोट भरेपर्यंत खाऊ नयेत, अर्धी किंवा फार तर पाऊण भूक भागली की थांबावे, असेही चरक सांगतात. वाग्भटांनी अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पिले आहेत. दोन भाग अन्नासाठी, एक भाग पातळ पदार्थांसाठी, आणि चौथा वायूच्या हालचालीसाठी मोकळा.

औषध केव्हा द्यावे याबद्दल वाग्भटांचे मत विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. अजीर्ण झालेल्याला तीव्र वेदना होत असल्या तरी लगेच शूळ थांबवणारे औषध देऊ नये, असे ते म्हणतात. कारण मंदावलेला अग्नी दोष, औषध आणि अन्न हे तिन्ही एकाच वेळी पचवू शकत नाही. शेतातले उदाहरण घ्या. पाणी साचलेल्या वावरात पीक पिवळे पडले म्हणून आपण युरिया फेकला, तर मुळांना तो घेता येत नाही आणि पैसा वाया जातो. तिथे आधी चर काढून पाणी बाहेर घालवावे लागते. त्याचप्रमाणे न पचलेल्या अन्नाने पोट जड झाले असेल तर पहिला उपाय लंघन, म्हणजे एक-दोन वेळचे जेवण सोडणे. हा उपाय धडधाकट माणसासाठी आहे. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेहाचे औषध घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नये.

जुना तांदूळ, मूग आणि ताक

नवे धान्य जड आणि वर्षभर ठेवलेले हलके, असे वाग्भट सांगतात. याचा अनुभव आपल्या घरोघरी आहे. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, जुन्याचा मोकळा होतो. साठवणीत दाण्यातील स्टार्च आणि प्रथिने यांत बदल होतात, दाणा जास्त पाणी शोषतो आणि शिते सुटी राहतात. म्हणून सगळे भात काढणीनंतर लगेच न विकता, घरातल्या आजाऱ्यापुरते एखादे पोते नीट वाळवून मागे ठेवावे.

कडधान्यांत मूग हलका आणि उडीद जड मानला आहे. कडधान्यांतील काही शर्करा आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. पुढे मोठ्या आतड्यातील जिवाणू त्या आंबवतात आणि वायू धरतो. भिजवून मोड आणल्यास या शर्करा कमी होतात. पोट बिघडून गेल्यावर एकदम पिठले-भाकरीवर येऊ नये. जुन्या वैद्यांचा क्रम आधी मंड, मग पेज, मग मऊ भात आणि मुगाचे कढण असा आहे. शार्ङ्गधरांनी मंडासाठी तांदळाच्या चौदापट पाणी सांगितले आहे.

ताकाविषयी भावमिश्रांनी बारकावा दिला आहे. दह्यात चौथा हिस्सा पाणी घालून घुसळले तर ते तक्र, निम्मे पाणी घातले तर उदश्वित. पोटासाठी ताकाचे गुण सर्वच ग्रंथांत गायिले आहेत, पण त्याला मर्यादाही घातली आहे. जखम झालेला, अशक्त, भोवळ किंवा दाह होणारा, रक्तपित्ताचा रोगी यांना तसेच उन्हाळ्यात तक्र देऊ नये, असे सुश्रुत सांगतात. म्हणजे एकच वस्तू सर्वांना आणि सर्व ऋतूंत सारखी, असे हे शास्त्र मानत नाही.

हिंगाष्टकातील पिके

हिंगाष्टक चूर्ण आपल्या परिचयाचे आहे. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा किंवा अजमोदा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि आठवा हिंग. तुपात कालवून जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर ते घ्यावे, असा पाठ आहे. म्हणजे तडस लागेपर्यंत जेवल्यावर वरून फक्की मारण्यासाठी ते नाही. त्यात मीठ असल्याने रक्तदाबाच्या रुग्णांनी जपून वापरावे.

यातील आले आणि ओवा आपल्या शेतात येतो. हिंग मात्र थंड, कोरड्या डोंगराळ प्रदेशातील झाडाच्या मुळाचा चीक आहे. आपण तो अफगाणिस्तान, इराण या बाजूने आणत आलो. भारतात त्याची लागवड ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात पालमपूरच्या संशोधन संस्थेने सुरू केली. मूळ तयार होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. तेव्हा आपल्या हवामानात हिंगाची रोपे खपवणारा कोणी आला, तर त्याच्या नादी लागू नये.

हे अजीर्ण नव्हे

आता सर्वांत महत्त्वाचे. फवारणी करताना किंवा त्यानंतर काही तासांत मळमळ, उलटी, पोटात कळा, तोंडाला लाळ सुटणे, दरदरून घाम, अंधुक दिसणे, छाती दाटणे असे झाले, तर ती कीटकनाशकाची विषबाधा समजावी. लिंबू, दूध, तूप, ओवा काहीही देत बसू नये. माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणावे. आपल्या हाताला विष लागू न देता त्याचे कपडे काढावेत, अंग साबण-पाण्याने धुवावे आणि औषधाच्या डब्यावरील लेबल बरोबर घेऊन तातडीने दवाखाना गाठावा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही.

तसेच पोटाच्या वरच्या भागात दाब, बरोबर घाम आणि जबड्यात किंवा हातात कळ, हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते. काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडथळा, कारणाशिवाय घटणारे वजन, यांवर घरगुती उपाय नाही. दोन-तीन आठवडे टिकणारी तक्रारही डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

औषध देण्याआधी रोगी पाहावा, हा चरकांचाच आग्रह आहे. पानावर डाग दिसताच आपण दुकानातून मिळेल ते औषध मारत नाही, आधी पान उलटून पाहतो. घरातल्या माणसाचे पोट दुखले तर चुर्णाच्या डबीला हात घालण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. आज काय आणि किती खाल्ले? आज फवारणीला कोण गेले होते?