तबकडी आणि यंत्र



कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखाँ यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळात गेली. पाठविणाऱ्यांनी तबकडीसोबत सुईही दिली आणि वाजविण्याची कृती झाकणावर चित्रांनी कोरली. यंत्रावाचून तबकडी मुकीच, हे त्यांनी ओळखले होते.

आपण घरी एवढी दक्षता घेतली काय? लग्नाचे चित्रण, आजीच्या ओव्या आपण डीव्हीडीवर उतरविल्या. पण तिच्यात दोन पंथ निघाले: १९९७ ची 'मायनस आर' आणि २००२ ची 'प्लस आर'. आकार एक, क्षमताही एकच, ४.७ गिगाबाइट, परंतु लेखनकिरणाला वाट दाखविणाऱ्या खुणा निराळ्या. म्हणून कित्येक जुनी यंत्रे एकीला ओळखीत, दुसरीला नाकारीत. शिवाय लेखनाअखेर तबकडी 'फायनलाइज' केली नाही, तर ती परक्या यंत्रावर बहुधा उघडत नसे. पुढे दोन्ही वाचणारी यंत्रे आली. पण आता बहुतेक नव्या संगणकांत तबकडी घालायला जागाच नाही!

तेव्हा चालते यंत्र हाताशी आहे तोवर कपाटातल्या तबकड्या दुसरीकडे उतरवून घ्या. यंत्र पुन्हा विकत मिळेल. आजीचा आवाज मिळणार नाही.