खळ किती घट्ट?

सतराव्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या बुऱ्हाणपुरास आला, तेव्हा इथलं तलम कापड इराण-तुर्कस्तानापासून पार पोलंडपर्यंत जात होतं. आज तापीकाठच्या या गावात यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. मात्र मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ द्यावी लागते. नाहीतर फणीत घासून सुताची लव उभी राहते आणि धागा तुटतो.

घोंगडी विणणारे यासाठी चिंचोक्याची खळ करतात. यंत्रमागासाठी शिजवलेला स्टार्च किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल चालतं. ही सगळी लांबलचक साखळीच्या रेणूंची, म्हणजे पॉलिमरची द्रावणं. खळ फार घट्ट झाली तर ती सुतावर वरवरच बसते आणि मागावर भुकटी होऊन झडते. फार पातळ झाली तर आत मुरून जाते, लव तशीच राहते.

हा घट्टपणा, म्हणजे श्यानता, मोजण्याचं सर्वांत सोपं साधन म्हणजे तळाला भोक असलेला कप. तो खळीनं भरायचा आणि रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते पाहायचं. गोची आहे तापमानाची. साध्या पाण्याची श्यानता २० अंश सेल्सिअसला १ सेंटिपॉइज असते, ती ३० अंशांना ०.८ वर उतरते. स्टार्चचं तर विचारूच नका! शिजताना घट्ट होतो, शिजतच ठेवला तर फुगलेले कण फुटून पातळ होतो, निवला की थिजतो.

प्रयोगशाळेतलं व्हिस्कोमीटर द्रावणात दांडा फिरवून त्याला होणारा विरोध मोजतं. ग्लिसरीनमध्ये दांडा हळू फिरवा की जोरात, श्यानता तीच येते. खळीत वेग वाढवला की ती कमी भरते, कारण साखळ्या प्रवाहाच्या दिशेला वळतात. म्हणून वेग न सांगता दिलेला आकडा कुचकामी.

विरळ द्रावण मात्र काचेच्या केशनळीतून वाहू देतात. वाहायला लागणाऱ्या वेळेवरून साखळीच्या लांबीचा अंदाज येतो. ही वाट दाखवणाऱ्या हर्मान श्टाउडिंगर यांना १९५३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ब्लीचिंगमध्ये कापसाला किती इजा झाली, हेही असंच कळतं: तांब्याच्या अमोनियायुक्त द्रावणात तो विरघळवला आणि द्रावण भराभर वाहिलं, तर साखळ्या तुटल्या म्हणायच्या.

सायझिंगवाल्यांना, म्हणजे सुताला खळ देणाऱ्यांना, एवढीच विनंती, की वहीत कपाचे सेकंद लिहिताना शेजारी खळीचं तापमान आणि स्टार्चचं वजनही लिहा. पुढच्या पाळीच्या माणसाला तोच आकडा उपयोगी पडेल.