जाळ्याचा सूत्रधार

संगणकावरून परगांवीं धाडलेला संदेश अखंड जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर ठिकाणाचा पत्ता असतो. आणि जाळ्यांतील एका नाक्यावरून दुसऱ्या नाक्यावर सरकत ते शेवटीं इच्छित स्थळीं पोंचून पुन्हा जोडले जातात. या तुकड्यांस पॅकेट म्हणतात, आणि नाक्यांवर बसविलेल्या यंत्रांस राउटर व स्विच अशीं नांवें आहेत.

नाक्यावरच्या यंत्रास दोन कामें करावीं लागतात. पहिलें विचाराचें: कोणत्या पत्त्याचें पॅकेट कोणत्या वाटेनें धाडावें हें ठरविणें. दुसरें हातांचें: आलेलें पॅकेट त्या वाटेला लावणें. हातांचें काम नाक्यावरच झालें पाहिजे, हें उघड आहे. परंतु विचाराचेंहि काम तेथेंच राहूं द्यावें, कीं तें एके ठिकाणीं आणावें? संगणकांच्या जाळ्यांविषयीं गेल्या कांहीं वर्षांत जो मोठा विचारपालट झाला, त्याचें मूळ या प्रश्नांत आहे.

आरंभीच्या पिढीनें विचार वांटून देण्याचा मार्ग पत्करला, आणि त्यास सबळ कारण होतें. ज्या दळणवळणास एकच मध्य असतो तें मध्यावर आघात होतांच कोसळतें. उलट अनेक नाके अनेक वाटांनीं परस्परांशीं जोडलेले असले, तर कांहीं नष्ट होऊनहि उरलेले संदेश पोंचवितात, असें अमेरिकन अभियंता पॉल बॅरन यानें १९६४ सालीं साधार मांडलें. १९६९ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या आर्पानेटमध्यें, व पुढें इंटरनेटमध्यें, केंद्रावांचून चालण्याची हीच रीत रुजली. प्रत्येक राउटर शेजाऱ्यांकडून वाटांची वार्ता घेतो, आपल्याजवळची त्यांस देतो, आणि आपल्यापुरता निर्णय करतो. तेथें कोणी कोणाचा धनी नाहीं.

या रीतीनें जग जोडलें गेलें. परंतु जाळीं वाढलीं तशा तिच्या उणिवाहि दिसूं लागल्या. एखाद्या मोठ्या रुग्णालयानें असा नियम केला कीं, रोग्यांचीं कागदपत्रें ठराविक संगणकांवरूनच पाहतां यावीं. हा नियम एका वाक्यांत सांगतां येतो; पण तो अमलांत आणावयाचा तर अभियंत्यास शेंकडों यंत्रांकडे एकामागून एक वळून प्रत्येकास त्याच्या भाषेंत आज्ञा द्यावी लागते. त्यांतील एका यंत्रांत एक अंक चुकला, तर दोष कोठें आहे हें शोधण्यांत रात्र जाते. शिवाय प्रत्येक राउटर जवळची वाट पाहतो. त्यामुळें एका वाटेवर गर्दी होते, आणि थोड्या लांबची वाट मोकळी पडून राहते.

रेल्वेच्या दृष्टान्तानें हें अधिक स्पष्ट होईल. स्टेशनमास्तरास स्वतःचें स्टेशन आणि आजूबाजूचीं स्टेशनें ठाऊक असतात. कोणती मालगाडी कोठें थांबवून मेलगाडीस वाट द्यावी, हें मात्र ज्याच्यासमोर साऱ्या विभागाचा नकाशा आहे तो कंट्रोलमधील अधिकारीच नीट ठरवूं शकतो.

संगणकांच्या जाळ्यांस असा अधिकारी देण्याच्या खटपटींत अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा वांटा मोठा आहे. तेथील मार्टिन कसाडो व त्याचे सहकारी यांनीं २००७ सालीं ‘ईथेन’ नांवाची रचना जगापुढें ठेविली. २००८ सालीं निक मॅकिऑन व इतर संशोधकांनीं ‘ओपनफ्लो’ ही आज्ञा देण्याची सामाईक पद्धति मांडली. या रचनेंत विचाराचें काम यंत्रांतून काढून कंट्रोलर नांवाच्या प्रोग्रामकडे सोंपविलें जातें. साऱ्या जाळ्याचा नकाशा कंट्रोलरजवळ असतो. तो वाटा ठरवितो आणि प्रत्येक स्विचला एक कोष्टक पाठवितो: अशा पत्त्याचें पॅकेट आलें तर या वाटेनें सोडा, तशा पत्त्याचें आलें तर टाकून द्या. स्विच कोष्टक पाहून आज्ञा पाळतो.

याचें फळ काय, हें गूगलनें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधावरून दिसतें. आपलीं संगणकगृहें जोडणारें बी-फोर नांवाचें जाळें या कंपनीनें याच तत्त्वावर उभारलें. दूरच्या तारा खर्चाच्या असूनहि त्यांचा सरासरी वापर शेंकडा ३० ते ४० एवढाच राखण्याचा सर्वसाधारण प्रघात होता. बाकीची जागा अडचणीच्या वेळेसाठीं मोकळी ठेवीत. बी-फोरमध्यें तो वापर दीर्घ काळ शेंकडा ७० पर्यंत राहिला. कोणतें काम तांतडीचें व कोणतें थांबूं शकेल हें कंट्रोलरला ठाऊक होतें, म्हणून हें साधलें.

याच विचाराची दुसरी शाखा म्हणजे जाळ्याचा कारभार आपोआप चालविणें. येथें अभियंता प्रत्येक यंत्राला आज्ञा देत बसत नाहीं. जाळें कसें असावें याचें वर्णन तो एकदां लिहून ठेवितो. प्रोग्राम त्या वर्णनाशीं प्रत्यक्ष स्थिति ताडून पाहतो आणि जेथें फरक दिसेल तेथें दुरुस्ती करतो. बदल कोणीं केला, केव्हां केला, याची नोंद राहते; तो आधीं तपासतां येतो, आणि बिघडल्यास मागें घेतां येतो.

परंतु हजार यंत्रांस एका क्षणीं बरोबर आज्ञा देणारें साधन हजार यंत्रांस एका क्षणीं चुकीची आज्ञाहि देऊं शकतें. २ जून २०१९ या रविवारीं गूगलच्याच जाळ्यांत याचा अनुभव आला. देखभालीच्या वेळीं एखाद्या जागेंतील प्रोग्राम तात्पुरते थांबविणारें एक स्वयंचलित साधन तेथें होतें. त्यांतील दोषामुळें व चुकीच्या नोंदींमुळें अमेरिकेंतील अनेक ठिकाणचे, जाळ्याचें नियंत्रण करणारे प्रोग्राम एकदम थांबले. कांहीं मिनिटें जाळें पूर्वीच्याच आज्ञांवर सुरळीत चाललें. मग वाटा मिटूं लागल्या आणि उरलेल्या वाटांवर गर्दी लोटली. अभियंत्यांस दोन मिनिटांत इशारा मिळाला होता. पण दुरुस्तीचीं साधनेंहि त्याच तुंबलेल्या जाळ्यावरून चालत होतीं. यूट्यूब व जीमेलसारख्या सेवांचाहि खोळंबा झाला. सर्व पूर्ववत् होण्यास सुमारें चार तास लागले.

येथें बॅरनचा जुना इशारा नव्या रूपानें परत आला. तरीहि या कंपनीनें कंट्रोलर टाकून दिला नाहीं. अनेक ठिकाणचीं कामें एकाच वेळीं थांबविणारें साधन तिनें बंद केलें, तसें पुन्हा घडूं नये अशी तजवीज झाल्यावांचून तें सुरू न करण्याचें ठरविलें. आणि सूत्रधार गप्प झाला तरी जाळें जुन्या आज्ञांवर जितका काळ तग धरतें, तो काळ वाढविण्याचें ठरविलें.

विचार एके ठिकाणीं आणणें म्हणजे तो एकाच यंत्रांत कोंडणें नव्हे, हा यांतला बोध आहे. कंट्रोलर एक नसावा. तीन वा पांच असावेत, वेगवेगळ्या जागीं असावेत, आणि बहुमतानें चालावेत. बदल एकाच वेळीं सर्वत्र न करतां आधीं एका कोपऱ्यांत करून पाहावा. दुरुस्तीची वाट नेहमींच्या वाटेहून निराळी असावी. आणि नाक्यावरच्या यंत्रांस शेवटची आज्ञा स्मरत राहावी. नकाशा एकाच्या हातीं असल्यानें जाळें शहाणें होतें. परंतु तो हात थांबला असतांहि गाड्या चालू राहाव्यात, याची तरतूद आधींच करून ठेवावी लागते.