आडोसा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आमच्या गावी पोहोचायला त्याला आणखी पाच-सहा वर्षं लागली. एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात सहा कॉम्प्युटर, मध्ये प्लायवूडची पार्टिशनं, पुढे पडदे. त्या पडद्यांमागे मुलं काय पाहतात, हे गावाला कळायला मात्र वेळ लागला नाही.

मग मोहीम निघाली. गणेश मंडळाचे कार्यकर्ते, मशिदीच्या जमातीतले बुजुर्ग, महिला मंडळ, सगळे एका सतरंजीवर बसले. पाण्याच्या प्रश्नावरही अशी एकी मी पाहिली नव्हती. निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी बी.ए., त्यात कवी! 'कोवळ्या मनांवर विषप्रयोग' वगैरे शब्द मी हौसेने घातले. सोबतच्या वकिलांनी सांगितलं, २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ अश्लील मजकूर प्रसिद्ध करणाऱ्याला आणि पाठवणाऱ्याला आहे. तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड होता. नुसतं पाहणाऱ्याला ते लागत नाही. प्रसिद्ध करणारे तर सातासमुद्रापार. हाताशी उरला तो गाळेवाला.

मुंबईतही हेच चाललं होतं. २००१ मध्ये आलेल्या एका पत्रालाच उच्च न्यायालयाने याचिका मानून समिती नेमली. अल्पवयीन मुलांना मोकळ्या जागेतल्या कॉम्प्युटरवरच बसवावं, त्यावर फिल्टर असावा, असं त्या समितीने सुचवलं. पुढे २०११ च्या केंद्रीय नियमांनी पार्टिशनची उंचीही ठरवली, जास्तीत जास्त साडेचार फूट. आमच्या मागण्या तीनच होत्या: पार्टिशनं काढा, स्क्रीन दाराकडे फिरवा, फिल्टर टाका. महिनाभरात तिन्ही मान्य झाल्या. आम्ही पेढे वाटले. मोहीम चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. दहा-बारा वर्षांची पोरं खरोखरच तिथे बसत.

पुढच्या पावसाळ्यात आपा, माझी थोरली बहीण, माहेरी आली. तिच्या छातीत गाठ होती. तिने माझ्या बायकोला सांगितलं, बायकोने मला. (आपा आज नातवंडांत आहे. तिला विचारूनच हे सांगतोय.) डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेल्या तपासणीचा अर्थ काय, पुढे काय होतं, हे वाचायला मी त्या गाळ्यात गेलो. 'ब्रेस्ट' टाइप केलं. फिल्टरने पान अडवलं. पुन्हा केलं, पुन्हा अडवलं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या 'अमेरिका ऑनलाइन' कंपनीनेही हाच शब्द अश्लील ठरवला होता आणि कर्करोगाच्या रुग्ण स्त्रियांनी ओरड केल्यावर मागे घेतला होता, हे मी फार उशिरा वाचलं.

माझ्या मागे कॉलेजची पोरं नंबर लावून उभी होती. स्क्रीन त्यांच्याकडेच. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं.

गाळेवाला उठून आला. पार्टिशनं गेल्यापासून त्याचा धंदा निम्म्यावर आला होता. हळूच म्हणाला, "कविराज, तिसरी मागणी तुम्हीच लिहिली होती ना?"

मी काय शोधतोय ते त्याच्या कानात सांगितलं. तो काही बोलला नाही. त्याने फिल्टर बंद केला, गल्ल्यावरचं वर्तमानपत्र पूर्ण उघडून हातात धरलं आणि माझ्या खुर्चीमागे उभा राहून वाचू लागला. मी पाऊण तास बसलो होतो. तेवढ्या वेळात त्याने पान एकदाही उलटलं नाही.